सत्काराला उत्तर

नोंदणी

“यांचं नाव यादीत नाही,” टेबलामागची मुलगी म्हणाली.

“वक्त्यांच्या यादीत बघा.”

“तिथंच बघतेय मॅडम. स्वरूपा सुतार आहे. दुसरं नाव नाही.”

“अभिनंदन मगदूम. पत्रिकेवर छापलंय. हे बघा, सत्र पहिले, ‘सर्वांसाठी वेब’. वक्ते अभिनंदन मगदूम आणि स्वरूपा सुतार.”

“पत्रिकेवर असेल. पण ऑनलाइन नोंदणी नसेल तर बॅज निघत नाही.”

मी मगदूमकडे वळले. तो शांतपणे पांढऱ्या काठीची घडी करून पिशवीत ठेवत होता.

“नोंदणी झाली नाही,” तो म्हणाला. “फॉर्मच्या शेवटी वाकडीतिकडी अक्षरं येतात. ती बघून टाइप करायची. मला दिसत नाहीत.”

“मी भरते म्हटलं होतं.”

“म्हटलं होतंस.”

“एका मिनिटाचं काम होतं.”

“तुला. सुतार, वेब सगळ्यांना वापरता यावी यावर बोलायला त्यांनी मला बोलावलंय. त्यांच्या फॉर्मनं मला आत घ्यायला नको?”

मुलीनं तोडगा काढला. एका कोऱ्या बॅजवर तिनं ‘सोबत आलेले’ असं लिहिलं आणि तो मगदूमच्या गळ्यात घातला. त्यानं विचारलं, काय लिहिलंय? मी म्हटलं, वक्ता. तो म्हणाला, एवढा वेळ लागत नाही वक्ता लिहायला.

हे बारा वर्षांपूर्वीचं. आता मला अशा परिषदांना बोलावतात, तिकीट पाठवतात, हॉटेलात उतरवतात. तेव्हा मी कोल्हापुरात सराफांच्या वेबसाइट बनवायचे. आठवडाभर पैंजणांचे फोटो पांढऱ्या चौकटीत बसवायचे आणि रविवारी मगदूमबरोबर आमचं स्वतःचं काम करायचे. आम्ही एसटीच्या वेळा सांगणारी साइट बनवली होती. ती बघता यायची, तशी नुसती ऐकताही यायची. मगदूमचा लॅपटॉप पडद्यावरचं सगळं मोठ्यानं वाचायचा, इतक्या वेगानं की मला त्यातलं अक्षर कळायचं नाही. कोड बहुतेक त्याचा. साइट दिसते कशी ते माझं, म्हणजे त्याच्या मते बिनकामाचा भाग.

डेव्हलपरच्या नोकरीसाठी तो जाईल तिथं लोक उठून उभे राहायचे. हाताला धरून खुर्चीत बसवायचे, चहा पाजायचे, आणि टेलिफोन ऑपरेटरची जागा निघाली तर कळवतो म्हणायचे. काम करून दाखव, असं कुणी म्हणत नव्हतं. जयसिंगपुरात त्याच्या थोरल्या भावाचं खताचं दुकान होतं. भावानं सांगून ठेवलं होतं, या महिन्यात काही झालं नाही तर दुकानात बसायचं आणि फोन घ्यायचे. मगदूम कशालाच भीत नसे. त्या दुकानाला भीत असे.

इंजिनिअरिंग कॉलेजातल्या त्या परिषदेचे प्रमुख पाहुणे होते रणधीर शिंत्रे. कोल्हापूरच्या शिंत्रे सॉफ्टटेकचे मालक. मी त्यांना मेल केला होता आणि त्यांचं उत्तरही आलं होतं: तुमचं सत्र बघतो, मग मगदूम यांच्या नोकरीचं बोलू. जेवणाआधी ते पुण्याला निघणार होते. पण पत्रिकेप्रमाणे आमचं सत्र उद्घाटन झाल्या झाल्या होतं. बोलायचं मगदूमनं, स्लाइड सरकवायच्या मी. सगळं जमणार होतं.

दीपप्रज्वलन

पाहुणे आले नव्हते.

पाहुणे आले. पंख्याच्या वाऱ्यानं समई टिकेना, म्हणून पंखे बंद केले. समई लागली. सगळ्यांना घाम फुटला. फोटोग्राफर म्हणाला, “सर, हात आडवा आला, परत एकदा.” समई फुंकून परत लावली.

“याला पत्रिकेत किती वेळ दिलाय?” मगदूमनं विचारलं.

“गप बस.”

“नुसतं विचारतोय.”

“संपला तो मघाशीच.”

पाहुण्यांचा परिचय

सूत्रसंचालक होते प्रा. बेडगे. ते प्रत्येक नावाआधी स्वतः केलेली चारोळी म्हणायचे. शिंत्र्यांच्या वाट्याला दोन आल्या. शिंत्रे इयत्ता तिसरीत वर्गात पहिले आले होते, तिथून परिचय सुरू झाला. मग प्राचार्यांचा परिचय, जो समोरच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत होता. मग संस्थेच्या अध्यक्षांचा. ते आलेले नव्हते. म्हणून त्यांच्या चिरंजीवांचा.

मी व्यासपीठाच्या कडेला जाऊन उभी राहिले.

“सर, आमचं सत्र?”

“होणार, होणार. सत्कार उरकले की लगेच.”

“शिंत्रे साहेब निघणार आहेत.”

“म्हणून तर सत्कार आधी घेतोय मॅडम. पाहुणे गेल्यावर सत्कार कुणाच्या हस्ते करणार?”

 

सत्कार

आमच्याकडे सत्कार म्हणजे फेटा. तयार टोपीसारखा डोक्यावर ठेवायचा नव्हे, डोक्यावरच बांधायचा. फेटे बांधणारे एकच काका होते. एक टोक मांडीखाली दाबायचं, कापड हातभर लांब ओढायचं, चुण्या घालायच्या, गुंडाळायचं, दोन पावलं मागं जाऊन बघायचं, पसंत नसेल तर सोडून परत. प्राचार्यांना फेटा. चिरंजीवांना फेटा. मांडववाल्याला फेटा. मघाशी पंखे बंद केले त्या वायरमनलाही फेटा. बाजूला जरीच्या साडीतली एक मुलगी शालींचं तबक धरून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर माझ्याच चेहऱ्यावरचा भाव होता.

“आणि आता एक विशेष सत्कार,” बेडगे म्हणाले, आणि थांबले. प्रकाश, अंधार, जिद्द आणि आकाश असे सगळे शब्द असलेली एक चारोळी झाली. “श्री. अभिनंदन मगदूम!”

दोन प्राध्यापक दोन्ही बाजूंनी आले आणि त्याला दंडाला धरून उचललं.

“पायऱ्या आहेत का?” मगदूमनं विचारलं.

“तुम्ही अजिबात काळजी करू नका.”

“आहेत का ते सांगा, म्हणजे करत नाही.”

त्याला खुर्चीत बसवलं. शिंत्रे पुढं वाकले आणि पहिल्या रांगेत बसलेल्या मला त्यांनी विचारलं, “ताई, यांना फेटा चालेल ना?”

“त्यांना विचारा की.”

ते माझ्याकडे बघून हसले. फेटा बांधला. शाल घातली, लॅपटॉपच्या पिशवीवरूनच. हातात नारळ दिला. मग मलाही वर बोलावून एक गुलाब दिला. “यांना पावलोपावली सोबत करणाऱ्या यांच्या भगिनी.”

“मी बहीण नाही,” मी म्हटलं. टाळ्यांत कुणालाच ऐकू गेलं नाही.

“ताई, गप,” मगदूम फेट्याखालून म्हणाला.

पत्रिकेत नाही

मी खाली येऊन बसले. बेडगे माइकवर म्हणाले, “आदरणीय शिंत्रे साहेबांना पुढील कार्यक्रमास जायचे असल्याने, यानंतर लगेच त्यांचे मनोगत, आणि...”

“मी सत्काराला उत्तर देतो,” मगदूम म्हणाला.

बेडगे थांबले. सभागृहात भाषण कापता येतं, चहा रद्द करता येतो. पण सत्कार घेतलेला माणूस उत्तर द्यायला उभा राहिला, तर त्याला बसा म्हणायची आमच्याकडे कुणाची छाती होत नाही. आणि ज्यानं आत्ताच स्वतःच्या हातानं शाल घातली, त्याला तर उठून जाताच येत नाही. शिंत्र्यांनी घड्याळ बाहीखाली सारलं आणि हात जोडून बसले.

“अवश्य. दोन शब्द,” बेडगे म्हणाले.

मगदूमला माइकपाशी नेलं. तो म्हणाला, “फेट्यानं माझे कान झाकलेत. मला कामासाठी ऐकावं लागतं.” आणि त्यानं दोन्ही हातांनी, पातेल्यावरचं झाकण उचलावं तसा, अख्खा फेटा काढून टेबलावर ठेवला.

सभागृह हुंकारलं. फेटेवाले काका कडेच्या खुर्चीत मटकन बसले. मी माझ्या खुर्चीचा हात घट्ट धरला.

“इथं प्रोजेक्टरची वायर असेल, ती द्या कुणीतरी.”

वायर दिली. त्यानं लॅपटॉप उघडला, माइक त्याच्या शेजारी आडवा ठेवला. मी मनात म्हटलं, ठीक आहे, आता आपली एसटीची साइट. तशीच तयारी झाली होती. पहिली स्लाइड मी पिवळी केली होती, त्यावर ‘नमस्कार’.

पडद्यावर उघडला परिषदेचा नोंदणी फॉर्म.

लॅपटॉप बोलायला लागला. त्यानं मुद्दाम वेग कमी ठेवला होता.

चित्र.
चित्र.
बटण.
बटण.
बटण.
चित्र.

“यातलं एक बटण नोंदणीचं आहे,” मगदूम म्हणाला. “एक दाबलं की भरलेलं सगळं पुसलं जातं. कुठलं कुठलं ते हा सांगत नाही, कारण त्याला कुणी नावंच दिलेली नाहीत. मी दोन्ही दाबून बघितलीत.”

मागच्या रांगा हसल्या.

“आता शेवटचं चित्र. प्राचार्य सर, काय लिहिलंय यात?”

प्राचार्यांनी चष्मा वर केला, पुढं झुकले, एकेक अक्षर सांगितलं. मगदूमनं टाइप केलं. फॉर्मनं ते नाकारलं. आता सगळेच हसले, प्राचार्य सोडून.

“आता मुद्दाम फोन नंबर चुकीचा टाकतो. पुढं गेलो. ऐका, काही बोलला? नाही. तुम्हाला लाल रेघ दिसत असेल. मला कोण सांगणार?”

मग त्यानं आदल्या दिवशी उतरवून घेतलेली पानाची प्रत उघडली आणि सगळ्यांसमोर ती दुरुस्त करायला घेतली. त्याची बोटं चालताना मी पुष्कळदा बघितली होती, पण पडद्यावर एवढी मोठी नाही. लॅपटॉप पुन्हा वाचू लागला. बटण, नोंदणी करा. बटण, सर्व पुसा. मुलांनी टाळ्या वाजवल्या, त्या खऱ्या टाळ्या होत्या. तेवढ्यावर त्याला लॅपटॉप मिटता आला असता. त्यानं पान शेवटपर्यंत वाचू दिलं.

निर्मिती: शिंत्रे सॉफ्टटेक, कोल्हापूर.

ज्या माणसाकडं नोकरी मागायची, त्याचंच नाव. त्याला हे माहीत नव्हतं असं मला वाटलंसुद्धा नाही. मी त्याला ओळखत होते.

प्रमुख पाहुण्यांचे मनोगत

शिंत्रे मोठ्यानं हसत उठले. त्यांनी मगदूमच्या खांद्यावर हात ठेवला, तो माणूस खरंच खूश झाला होता.

“आमची चूक आमच्या तोंडावर सांगायला हिंमत लागते. अशा जिद्दीच्या माणसाला मी आज, याच व्यासपीठावरून, आमच्या कंपनीत नोकरी देतो.”

टाळ्या. मी उभी राहून वाजवल्या.

“आमचे प्रेरणादूत म्हणून. शाळाशाळांत जातील, मुलांशी बोलतील. न्यायला आणायला गाडी कंपनीची.”

आणखी टाळ्या. बेडग्यांनी आभार मानायला माइक मगदूमच्या हातात दिला.

“साहेब, आणि कोड?”

“कोड लिहायला आहेत की पोरं.”

“त्यांतलाच एक म्हणून घ्या मला.”

“अहो, तुम्हाला कशाला तो ताप? दिवसभर बसून डोकं पिकवायचं.”

“मग नको.”

माइक चालू होता. सगळ्यांनी ऐकलं. शिंत्रे त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत म्हणाले, “ताई, समजवा यांना.”

“मगदूम, घे की,” मी पहिल्या रांगेतून म्हटलं. मला ते दुकान दिसत होतं.

“सुतार,” तो माइकवरच म्हणाला, “तुला हवी तर तू घे.”

आभारप्रदर्शन

झालं नाही. शिंत्रे गाडीत बसले होते.

भोजन

जेवणाची टेबलं वर्कशॉपच्या शेडमध्ये लावली होती. लेथ मशीन झाकून ठेवली होती आणि त्यांच्या मधून पंगती. मी मगदूमचं ताट त्याच्यासमोर आदळलं.

“डावीकडं भाजी. उजवीकडं जिलबी. मध्ये तुझं डोकं.”

“जिलबी एकच आहे?”

“काय मिळालं तुला? सांग ना, काय मिळालं?”

“नारळ.”

“फेटा काढलास. त्यांच्याच कंपनीची अब्रू त्यांच्यासमोर काढलीस. आणि त्यावर ते नोकरी देतात तर नको. आता दुकानात बस. शेतकऱ्यांना फोनवर युरिया आलाय का सांग.”

“सांगेन.”

“कंपनीची गाडी मिळत होती.”

“मला चालवता येत नाही.”

मी हातातला चमचा खाली ठेवला, नाहीतर फेकला असता. तेवढ्यात आमच्यासमोर एक ताट आलं, आणि ताटामागं जरीची साडी. तबक धरणारी ती मुलगी.

“सर, तुम्ही स्टेजवर चुकीचं सांगितलंत,” ती म्हणाली.

मगदूमचा घास थांबला. “कोण?”

“यास्मिन मुल्ला. शिंत्रे सॉफ्टटेक. तो फॉर्म मी लिहिलाय.”

“तुम्ही शाली घेऊन उभ्या होतात ना?” मी विचारलं.

“मी इथली माजी विद्यार्थिनी. साहेब म्हणाले, चांगली साडी नेसून ये.” साडीवरच राग काढावा तसा तिनं पदर खोचला. “बटणांना नावं द्यायची राहिली, ते कबूल. चित्रातल्या अक्षरांचं मी साहेबांना सांगून थकले, ते काढू देत नाहीत. पण फोन नंबरचं तुम्ही चूक सांगितलं. नंबर चुकला की तो बोलून सांगतो.”

“नाही सांगत.”

“सांगतो.”

“मॅडम, मी जन्मभर ऐकून कामं करतोय.”

“मग नीट ऐका.”

मी त्या मुलीकडे बघत राहिले. सकाळपासून शंभर माणसं मगदूमशी बोलली असतील. सगळ्यांचा आवाज देवळात बोलतात तसा होता. ही भांडत होती.

मगदूमनं ताट सारलं आणि जिलबीच्या हातानं लॅपटॉप उघडला. चुकीचा नंबर टाकला. पुढं, पुढं, पुढं. “बघा. गप्प आहे.”

“कारण तुम्ही पुढची की दाबली. ती दाबली की आवाज तुटतो. तो बोलायला सुरुवात करतो आणि तुम्ही त्याला तोडता.”

“मी असंच वापरतो. लोक असंच वापरतात.”

“लोक नाही. तुम्ही.” ती माझ्याकडे वळली. “मॅडम, तुम्ही बघा आणि सांगा.”

मी लॅपटॉप माझ्याकडे ओढला. आतला कोड बघितला. तिनं लिहिलेली ओळ होती, हवी तिथंच होती. मी दिवसभर समईवर चिडले होते, फेट्यांवर, चारोळ्यांवर, आणि सगळ्यात जास्त याच्यावर. हे वाक्य मात्र मी अगदी थंडपणे बोलले.

“तू चुकलास, मगदूम.”

“तू तिच्या बाजूनं बोलतेस.”

“तो बोलतोय. तू बोलू देत नाहीस.”

“हात मांडीवर ठेवा,” यास्मिन म्हणाली. “आणि थांबा.”

त्यानं नंबर टाकला, एकदा पुढं गेला, आणि हात मांडीवर ठेवले. त्याला थांबता येत नव्हतं. अंगठा मांडीवर एक नसलेली की दाबत होता. शेडमध्ये वाढप्यांचा कालवा चालला होता, त्यातून लॅपटॉपचा आवाज सावकाश, पूर्ण आला.

फोन क्रमांक वैध नाही. कृपया दहा अंक प्रविष्ट करा.

 मगदूमच्या गालांवर रंग चढला. मला वाटलं आता हा लॅपटॉप मिटणार, काठी उघडणार आणि निघणार.

“चुकलं,” तो म्हणाला. मग जरा वेळानं, “माझं चुकलं.”

“सोमवारी ऑफिसला या,” यास्मिन म्हणाली. आवाजात अजून राग होता. “माझ्या टीमला डेव्हलपर हवाय, केव्हापासून मागतेय. इंटरव्ह्यू मी घेते. फॉर्मची बाकीची पानं देईन, ती दुरुस्त करून दाखवायची. नापास झालात तर नापास.”

“तुमच्या साहेबांना मी आत्ता सगळ्यांसमोर नाही म्हटलंय.”

“प्रेरणादूत व्हायला नाही म्हटलंय. माझ्या टीममध्ये कोण बसतं ते साहेब बघायला येत नाहीत.”

मगदूम खुर्चीत पुढं सरकला. “हे ‘प्रविष्ट करा’ कुणी लिहिलंय?”

“का?”

“असं कोण बोलतं? ‘दहा आकडे लिहा’ म्हणा.”

“मराठी बेडगे सरांनी तपासून दिलंय.”

“मग तर बदलाच. कुठल्या फाइलमध्ये आहे?”

यास्मिननं दुसऱ्या टेबलाची खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी बसली. ती सांगत होती, तो मध्येच तोडत होता, ती म्हणत होती, आधी पूर्ण ऐका.

सत्र पहिले

बेडगे हात पुसत आले. त्यांच्या डोक्यावरही आता फेटा होता.

“चला मॅडम, चला. आता तुमचं सत्र. पाहुणे गेले, पण थोडी मुलं बसवून ठेवलीत. जरा थोडक्यात आवरा.”

मी उठले. “मगदूम, चल.”

त्यानं डावा हात वर करून मला थांबवलं. उजवा की-बोर्डवर होता.

“अरे, आपलं सत्र.”

“तू जा.”

“मी एकटी? मी स्लाइड सरकवणार होते फक्त. मी आजवर कुठं बोलले नाही.”

“लॅपटॉप इथं लागतोय. पेन ड्राइव्ह पिशवीत आहे, तो घे.”

“मगदूम, तुझं नाव छापलंय त्यावर.”

यास्मिननं पडद्यावर काहीतरी दाखवलं, मग लक्षात येऊन तोंडानं सांगितलं. तो तिच्या बाजूला झुकला. माझ्याकडे त्यानं कानसुद्धा वळवला नाही.

“जा की सुतार,” तो म्हणाला. “मला काम आहे.”